धुकं उघडणारी भिवरा

या, जवळ या. गोधडी तिघांना पुरते, ओढाओढी नको. आज राजा नाही हं. राजांच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आज एका बाईची.

तर खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता. तिथे भिवरा राहायची. पन्नाशीला आलेली, अंगानं दणकट, बोलायला तिखट. तिचा नवरा धाकलू नाखवा, म्हणजे होडीचा मालक. मुलगा बापाबरोबर दर्यावर जायचा. आणि सून होती जाई. जाई खाडीपलीकडची. तिच्या माहेरी मुली लहानपणापासून वल्हं मारायच्या. पण या गावात बाईनं होडीत पाय ठेवायचा नाही, असा नियम. का? तर म्हणे बाईला विटाळ असतो, त्यानं दर्या कोपतो. बायकांनी मासळी वाळवलेली चालायची, विकलेली चालायची. त्यांनी विणलेलं जाळंसुद्धा चालायचं. होडी तेवढी नाही. आता बोला!

मग काय झालं, भिवराची पाळी जायला लागली. पाळी म्हणजे? अरे, तुझ्या आईला महिन्याच्या महिन्याला येते ती. पन्नाशीच्या सुमारास बंद होते. कुजबुजायचं काही नाही त्यात, बरं का.

तर भिवराला मधेच एकदम उकडायचं. छातीतून ऊब निघायची, गळ्यात चढायची, कान लाल व्हायचे. मग ती तोंडावर पाणी मारायची, पदरानं वारा घ्यायची आणि ऊब दाबून टाकायची.

धाकलू म्हणायचा, "म्हातारी झालीस गो."

"मी म्हातारी, आणि तू काय पाळण्यात आहेस?"

एकदा तीन दिवस ढगाळ हवा होती. मासळी वाळवायच्या वलांडीच्या बांबूंवर बोंबील लोंबत होते, पण वाळेनात. आता सडणार! भिवरा ते उलटत होती, तेवढ्यात ऊब आली. जवळ पाणी नव्हतं. मग ऊब चढली ती चढलीच. आणि काय? तिच्या भोवतीचे बोंबील कुडकुड वाजायला लागले. पापडासारखे कडक!

जाई म्हणाली, "आई, हे तुम्ही केलंत?"

"गप. भूत लागलं म्हणतील मला."

मग महिन्याभरानं शेजारणीला बाळ झालं. इवलंसं, गारठलेलं, रडेचना. सुईणीनं ते भिवराच्या हातात दिलं, तेवढ्यात पुन्हा ऊब आली. हात गुंतलेले, वारा कसा घेणार? ऊब तिच्या हातांतून बाळात गेली. बाळ गुलाबी झालं आणि असं भोकांड पसरलं की कावळे उडाले. सुईण भिवराकडे बघतच राहिली. भिवरानं बाळ आईजवळ दिलं आणि ती घरी गेली.

मग आला माघ महिना. एके दिवशी सकाळी सगळ्या होड्या दर्यावर होत्या, आणि धुकं उतरलं. कसलं धुकं! स्वतःचा हात दिसेना. किनाऱ्यावर म्हाताऱ्यांनी थाळ्या बडवल्या, शेकोट्या पेटवल्या. धुक्यानं सगळं गिळलं. आतून पुरुषांच्या हाका येत होत्या, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. आणि खाडीच्या तोंडाशी खडक होते, करवतीसारखे. भरती होड्यांना तिकडेच ओढत होती.

भिवराला धाकलूचा आवाज ओळखू आला. मुलाचाही आला. आणि तेव्हाच ऊब आली. तिच्या भोवतीचं धुकं अंगणाएवढं उघडलं.

किनाऱ्यावर एकच होडी उरली होती, गोमा पाटलाची. गोमा गावातला सगळ्यात म्हातारा, नियम राखणारा. भिवरा होडीकडे धावली. गोमा आडवा आला.

"थांब गो! बाईचा पाय..." मग त्यानं विचार केला. "तुझी पाळी गेली ना? मग तू चालशील. पण वल्हं कोण मारणार? माझ्या हातात जोर नाही."

"जाई मारील."

गोमा पाटील दचकला. "ती तर बाजूला बसलीय!"

"आज तिसरा दिवस आहे तिचा, मला ठाऊक आहे. पोरं खडकावर फुटतायत, पाटील. बाजूला व्हा."

तिनं जाईला हाक मारली, आणि दोघी होडीत बसल्यासुद्धा.

जाईनं सपासप वल्हं मारलं. पण थोडं पुढे गेल्यावर ऊब ओसरली. धुकं पुन्हा मिटलं. खडकांवर पाणी आपटल्याचा आवाज अगदी जवळ आला.

"आई, मला काही दिसत नाही!"

भिवरानं डोळे मिटले. ही ऊब आली की ती दरवेळी दाबायची. या वेळी ती हळूच म्हणाली, "ये बाई, ये. तुझीच वाट बघते." आणि ऊब आली. पायांतून आली, पाठीतून आली, आणि भिवरानं तिला अडवलं नाही. पदरातून वाफ निघाली, केसांतून वाफ निघाली, आणि धुकं दोन्ही बाजूंना सरकलं. मध्ये निळं पाणी, रस्त्यासारखं सरळ! जाईची होडी पुढे आणि मागून एकेक होडी, बदकांच्या पिल्लांसारखी. सगळे घरी आले. सगळे.

धाकलू होडीतून उडी मारून तिच्याजवळ आला. तो म्हणाला, "भिवरा, तुझं तोंड लाल झालंय गो." ती म्हणाली, "होऊ दे."

मग गोमा पाटील सगळ्यांना म्हणाला, "आजपासून भिवरा होडीत बसेल. तिला आता विटाळ नाही."

भिवरा होडीतून उतरलीच नाही. म्हणाली, "आणि जाई?"

"तिचं वेगळं आहे."

"काय वेगळं? मी धुकं उघडलं, पण होडी तिनं नेली. दर्या कोपला का? बघा की."

सगळ्यांनी वळून बघितलं. दर्या पोट भरलेल्या मांजरीसारखा ऊन खात पडला होता.

गोमा पाटील पुढे आला. मग त्यानं आपलं दुसरं वल्हं उचललं, शेजारच्या बाळंतिणीच्या थोरल्या मुलीपुढे धरलं आणि म्हणाला, "घे गो. शीक."

तेव्हापासून त्या गावात ज्याला दर्यावर जायचं तो जातो, आणि जिला जायचं ती जाते. मासळी पोटभर मिळते, आणि सगळे सुखात आहेत.

झोपा आता. पांघरूण नीट घ्या. हात आत.