गोफात अडकलेली मिशी

एका गावात एक पटवेकरी राहत होता. पटवेकरी म्हणजे रंगीत रेशमाचे गोफ, करदोटे आणि गोंडे करणारा माणूस. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथले लोक अजून माझ्याशी नीट बोलतात, आणि ते तसंच राहावं अशी माझी इच्छा आहे.

या पटवेकऱ्याचा गोफ इतका गोल असायचा, की जमिनीवर ठेवला तर आपला आपण घरंगळत उंबऱ्यापर्यंत जायचा. एकदा एक मुंगी त्याच्या गोफावर चढली. लाल धाग्यावरून निघाली, पिवळ्याखालून गेली, निळ्यावरून वर आली, पण वीण कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते तिला काही सापडेना. ती खाली उतरली तोवर वारुळात तिच्या नातींची लग्नं झाली होती. खोटं वाटत असेल तर वारूळ अजून आहे, जाऊन विचारा.

बारसं असो, लग्न असो, बैलांच्या शिंगांना गोंडे हवे असोत, गाव त्याच्याच दारात यायचं. "ह्याच्या हाताला चुकणं माहीत नाही," असं लोक म्हणायचे. ऐकून ऐकून त्यालाही ते पटलं. त्याने मिशा वाढवल्या. त्यांना तेल लावून असा पीळ द्यायचा, की समोरचा माणूस बोलताना थोडा मागे सरकून उभा राहायचा.

खरं काय ते एकट्या त्याच्या बायकोला ठाऊक होतं. हात चुकायचा. चुकला की तो दार लोटून घ्यायचा, चुकीच्या टाक्यापर्यंत वीण उलटी सोडवायचा आणि पुन्हा घालायचा. आता, सोडवलेलं रेशीम नागमोडी होतं. ते सरळ करायला वाफ लागते. म्हणून चूक झाली, की तो आतून काही बोलायचा नाही, नुसता खाकरायचा. आणि बायको विचारायची, "अहो, भात टाकू का?"

भाताच्या वाफेवर रेशीम सरळ व्हायचं, आणि भात पोटात जायचा. शेजारणी म्हणायच्या, "तुमच्याकडे भात फार खातात हो." ती म्हणायची, "काय करणार, त्यांना आवडतो."

त्या गावात शिमग्याला माणसांचा गोफ विणत. देवळापुढच्या मांडवात उंच आढ्याला पितळेची कडी, कडीतून लोंबणाऱ्या आठ रंगांच्या दोऱ्या, आणि एकेक दोरी धरून आठ गडी. ढोलाच्या ठेक्यावर कुणी आतून जायचं, कुणी बाहेरून, आणि वर आढ्यापासून खाली जाडजूड गोफ उतरत यायचा. पुरता विणून झाला, की पावलं उलटी टाकत तोच गोफ सोडवायचा. तो सुटेपर्यंत गावात चूल पेटत नसे, आणि हातातली दोरी सोडायची नसे.

गोफ सुटलाच नाही तर कापायचा. पण एकदा कापला की पितळेची कडी आणि गोफाचा मान दोन्ही पलीकडच्या गावाला जाणार. त्यासाठी पलीकडच्या गावचे कारभारी दरवर्षी रुमालाखाली झाकलेला कोयता ताटात घेऊन यायचे आणि पुढच्या रांगेत बसायचे. गोफ सुटला की ते हात जोडून म्हणायचे, "यंदाही उपयोग झाला नाही, देवीची कृपा." आणि कोयत्याकडे एकदा बघून उसासा टाकायचे.

त्या वर्षी लाल दोरी पटवेकऱ्याच्या हातात होती. दरवर्षीच असायची, कारण लाल दोरीवाला पुढारी. केशरी पाटलांकडे, पिवळी तेल्याकडे, पांढरी गुरवाकडे. आणि हिरवी दोरी होती पटवेकऱ्याच्या नव्या जावयाकडे. सासुरवाडीचा त्याचा पहिलाच शिमगा. अबोल मुलगा. महिनाभर तो गोठ्याच्या खांबाला दावी बांधून पावलं घोकत होता, एवढा की म्हैस त्याच्यासोबत डोलायला लागली होती.

ढोल वाजला. गोफ उतरू लागला. अर्ध्यावर आला तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वा, काय ऐट आहे." पटवेकऱ्याने ऐकलं. ऐट मिशीची की पावलांची, हे बघायला त्याने मान वळवली. आणि तेवढ्यात हिरव्या दोरीच्या आतून जायचं, तर तो बाहेरून गेला.

गोफावर सापाच्या कातीसारखी एक विलक्षण तिरपी वीण उमटली. लोक थक्क झाले. असं काही कुणी पाहिलंच नव्हतं. टाळ्या पडल्या.

"ही कोणती वीण म्हणायची?" पाटलांनी नाचता नाचता विचारलं.

पटवेकऱ्याला आपली चूक कळली होती. पण टाळ्या थांबत नव्हत्या. त्याने मिशीवर बोट फिरवलं.

"नवी आहे," तो म्हणाला. "यंदासाठी राखून ठेवली होती."

गोफ पुरा झाला. ढोलाचा ठेका बदलला आणि आठही जण उलटे फिरू लागले. खालची वीण भराभर सुटली. तिरप्या विणीपाशी आली आणि थांबली. पुन्हा ओढलं, तर सुटायच्या ऐवजी गोफ हातभर खाली वाढला. गडी दचकले.

"आता तुमची ती नवी वीण सोडवा," पाटील म्हणाले. "आम्हाला ती येत नाही."

पटवेकऱ्याला कळत होतं. चुकीचं पाऊल सुटायला तेच चुकीचं पाऊल उलटं टाकावं लागतं. पण ते टाकलं असतं तर पुढच्या रांगेतल्या जाणत्यांनी तिथेच ओळखलं असतं. म्हणून त्याने बरोबर पाऊल उलटं टाकलं, रुबाबात. गोफ करकचून आवळला. दोऱ्या आखूड झाल्या आणि आठही जण ओढले जाऊन एकमेकांच्या अंगावर आले.

ढोलवाल्याची टिपरी वरच राहिली. मांडवाखालची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. ही ऐकीव गोष्ट नाही, त्यातलं एक कुत्रं त्यानंतर आठवडाभर भुंकलंच नाही.

"काय झालं?" तेली म्हणाला. त्याचं नाक गुरवाच्या कानाला लागलं होतं.

"कुणाचा तरी पाय चुकला," पटवेकरी म्हणाला.

सगळ्यांनी वर पाहिलं. लाल आणि हिरवी दोरी एकमेकींत अडकली होती. लाल दोरीवाल्याचा हात चुकत नाही, हे गावाला माहीत होतं. मग सगळ्या नजरा हिरव्या दोरीकडे वळल्या.

"पहिलंच वर्ष आहे," गुरव म्हणाला. "व्हायचंच."

"मी म्हणत होतो, पाव्हण्याला देऊ नका," तेली पुटपुटला.

बायकांच्या घोळक्यात पटवेकऱ्याची लेक उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. जावई एकदा तिच्याकडे आणि एकदा सासऱ्याकडे बघून खाली मान घालून म्हणाला, "मामा, चुकलो असेन मी. कसं सोडवायचं ते सांगा."

पटवेकऱ्याने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "आतून गेलास, तर बाहेरून ये," एवढंच म्हणाला.

जावई बाहेरून आला. पण जी चूक त्याने केलीच नव्हती, ती त्याच्या पायाने सुटणार कशी? गोफाला उसनी चूक चालत नाही. वर आढं करकरलं. दोऱ्या सर्रकन आवळल्या, आठ कपाळं एकमेकांवर आपटली आणि पटवेकऱ्याच्या डाव्या मिशीचं टोक लाल आणि हिरव्याच्या मधोमध विणलं गेलं.

गाव हबकलं. असा शिमगा कुणी ऐकला नव्हता. पटवेकरी तोंड वर करून, टाचा उचलून उभा होता, कारण टाचा टेकल्या की मिशी ताणली जात होती.

ऊन कललं. आदल्या रात्री शिजवून ठेवलेलं पुरण घराघरात थंड पडलं होतं. पोरं आयांचे पदर ओढत होती. "आई, पोळी कधी?" "गोफ सुटला की." "कधी सुटणार?" आया आढ्याकडे बघायच्या.

पलीकडच्या गावच्या कारभाऱ्यांनी रुमाल बाजूला केला आणि अंगठ्याने कोयत्याची धार पाहिली. "आम्हाला काही घाई नाही," ते फार गोड आवाजात म्हणाले. "पण लेकरं उपाशी आहेत, म्हणून आपलं."

"कापाच आता," घोळक्यातून कुणीतरी म्हणालं. "आणि पुढच्या वर्षीपासून जावई मंडळींना मांडवात घेऊ नका."

"पुढचं वर्ष कुठलं," दुसरा म्हणाला. "कडीच जाणार. ह्याच्या पायी गावाचा मान गेला."

हे ऐकून लेक रडायला लागली. पटवेकऱ्याला ती दिसत नव्हती, तोंड वर होतं ना. पण आवाज ओळखू आला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तो नुसता खाकरला.

आणि लगेच बायकांमधून आवाज आला, "अहो, भात टाकू का?"

सगळं गाव गर्रकन वळलं. गोफ सुटायच्या आधी चूल? पाटलीणबाईंनी कानांना हात लावले. "अगं बाई, शुद्धीवर आहेस ना?"

पटवेकऱ्याची बायको नवऱ्याकडे बघत राहिली.

पटवेकऱ्याला समजलं. इथे दार लोटून घ्यायला दार नव्हतं. त्याने डोळे मिटले.

"पाव्हण्याचा पाय चुकला नाही," तो म्हणाला. "माझा चुकला. हिरव्याच्या आतून जायचं होतं, मी बाहेरून गेलो. टाळ्या पडल्या म्हणून नवी वीण म्हणालो. कळत होतं, तरी पोराच्या नावावर घातलं."

देवळावरच्या पारव्यांनी घुमणं थांबवलं. एक म्हातारा शेजारच्याला कुजबुजला, "म्हणजे ह्याचा हात चुकतो?"

"चुकतो हो," बायको म्हणाली. "म्हणून तर भात लागतो." आणि तिने भाताची सगळी हकिगत सांगून टाकली. शेजारणी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"मामा," जावई हळूच म्हणाला, "आधी मिशी सोडवू या का?"

ज्या क्रमाने गुंता झाला होता, त्याच्या उलट्या क्रमाने त्यांनी तो काढला. आधी मिशी सुटली आणि पटवेकऱ्याच्या टाचा जमिनीला टेकल्या. मग जावयाचं ते उसनं पाऊल निघालं. मग रुबाबात टाकलेलं पाऊल निघालं. शेवटी पटवेकरी साऱ्या गावादेखत आपलंच चुकीचं पाऊल उलटं चालला, आणि तिरपी वीण पाण्यासारखी ओघळली. दोऱ्या मोकळ्या झाल्या.

गोफ सुटत वर गेला, आणि वीतभर उरला असताना पुन्हा अडकला.

आता मात्र पटवेकरी गोंधळला. "इथे माझं काही नाही," तो म्हणाला. "देवीशप्पथ."

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पाटील खाकरले.

पटवेकऱ्याची बायको लगेच म्हणाली, "पाटलीणबाई, भात टाका."

पाटील मान खाली घालून केशरी दोरी घेऊन एक पाऊल उलटे आले. गोफ थोडा सुटला आणि अडकला. तेल्याने इकडे तिकडे पाहिलं आणि तोही खाकरला. त्याच्या मागोमाग गुरव. तुम्हाला सांगतो, त्या वीतभर गोफात गावातल्या सगळ्या मान्यवरांची पावलं निघाली. गेली कित्येक वर्षं दर शिमग्याला एकाची चूक दुसरा मुकाट झाकत होता आणि गोफ कसाबसा सुटत होता. यंदा मात्र कुणी कुणाचं झाकेना. गावकऱ्यांनी तोंडाचा आ केला तो मिटेचना, आणि काहींच्या तोंडात माशा जाऊन परत बाहेर आल्या.

शेवटी गोफ पुरता सुटला. कडीपासून खालपर्यंत एकही चूक नसलेली दोरी एकच होती. हिरवी.

पटवेकऱ्याने आपली लाल दोरी जावयाच्या हातात दिली. "पुढच्या वर्षी तू पुढे," तो म्हणाला. "मी हिरवी धरतो. चुकलो तर तिथेच सांग."

"मी कसं सांगणार, मामा?"

"खाकर."

पलीकडच्या गावच्या कारभाऱ्यांनी कोयत्यावर रुमाल घातला. "यंदाही उपयोग झाला नाही," ते म्हणाले. देवीचं नाव घ्यायचं मात्र विसरले. पाटलांनी त्यांना पोळी खायला थांबवून घेतलं. एवढा वेळ बसले होते बिचारे.

घराघरांत चुली पेटल्या. पटवेकऱ्याच्या घरी पुरणपोळीच्या आधी भात लागला. पटवेकरी चुलीपाशी बसून डावी मिशी वाफेवर धरत होता आणि लेक, जावई बघत होते. उजवी मिशी ताठ, डावी सोडवलेल्या रेशमासारखी नागमोडी. पुष्कळ भात शिजला, पण ती काही सरळ झाली नाही. पुढे जन्मभर ती तशीच राहिली. आणि कुणी "तुमचा हात चुकत नाही," असं म्हणालंच, तर तो डाव्या मिशीकडे बोट दाखवून म्हणायचा, "हिला विचारा."

तात्पर्य: आपलं चुकलेलं पाऊल आपल्यालाच उलटं चालावं लागतं, दुसऱ्याला चालायला लावलं तर गुंता आवळतो, आणि त्यात आधी आपलीच मिशी सापडते.