तुरेगडचे तीस, भालवणचे चाळीस

“आपला तीसचा रस्ता त्याच्या चाळीसपेक्षा मोठा दिसला पाहिजे! आज दुपारच्या आत!” तुरेगडचे महाराज भूपतराव गरजले. “आणि रस्ता बोटभरही वाढवायचा नाही. जमत नसेल तर येसाजी, कुंचला ठेव आणि सरकारी घर रिकामं कर!”

येसाजी संस्थानातले मैलांचे दगड रंगवायचा. तुरेगडचा राजरस्ता तीस मैलांचा. शेजारच्या भालवणचे राजे जयवंतराव काही वर्षांपूर्वी फ्रान्सला गेले आणि येताना किलोमीटर घेऊन आले. रस्ताभर नवे दगड रोवले आणि आज सकाळी पत्र धाडलं, ‘आमचा रस्ता चाळीस! आपला तीसच ना? दुपारी जेवायला येतो, बघतो.’

दिवाणजी हळूच म्हणाले, “सरकार, आपले तीस मैल म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. तेवढं लिहून टाकू.”

“त्याचं माप माझ्या दगडावर? लोक म्हणतील भूपतरावानं नक्कल केली! माझ्या हद्दीत मैलच चालणार!”

येसाजी घरी आला आणि बायकोला सगळी हकीकत सांगून डोकं धरून बसला. दाराआड त्याची नवी सून सगुणा सगळं ऐकत होती. घर जाणार म्हणताच तिला आधी स्वयंपाकघर आठवलं. मिठाचा डबा कोणता हे तिला नुकतंच कळलं होतं, तेही दोन आमट्यांचा बळी देऊन. आता नव्या घरात पुन्हा पहिल्यापासून?

अंतराच्या बाबतीत तर तिची कीर्ती आधीच पसरली होती. ती भालवणची. पहिल्या सणाला माहेरी निघताना सासूबाईंनी विचारलं, “किती लांब गं?” “सोळा,” ती ऐटीत म्हणाली. सासरी सगळ्यांनी मैलच धरले. पहाटे गाडी जुंपली, दोन वेळच्या दशम्या बांधल्या, आणि दुपारची पानं मांडायच्या आतच गाडी माहेरच्या दारात! दहाच मैल भरले. संध्याकाळी पोचेल असा निरोप होता, ती लेक सकाळीच आलेली पाहून आईनं, सासरच्यांनी हाकलली की काय, म्हणून गळाच काढला. तेव्हापासून सगुणेला कुणी साधा रस्ताही विचारत नसे.

“मामंजी,” ती दाराआडून पुटपुटली, “माझं ते सोळा-दहाचं झालं होतं ना...”

“आता ते कशाला उकरतेस, पोरी?”

“त्यातच सुटका आहे. कुंचला घ्या, सांगते.”

दुपारी दोन्ही राजे हद्दीवर भेटले. तुरेगडच्या शेवटच्या दगडावर ओला रंग चमकत होता: ‘तुरेगड राजरस्ता ३० मैल. पुढे भालवण राजरस्ता २५ मैल.’

“माझे चाळीस कुणी कापले?” जयवंतराव ओरडले.

भूपतरावांनाही काही उमजेना. येसाजीनं सोबत आणलेल्या सुनेला पुढे केलं. तिनं पदर सावरला. मग दगडाकडे बोट दाखवलं.

“सरकार, तुमच्या हद्दीत चाळीसच आहेत. हा दगड तुरेगडचा, इथे मैल चालतात. आठ किलोमीटरचे पाच मैल. मग चाळीसचे पंचवीस. खरं तर तेही पुरते भरत नाहीत, पण आपण पाहुणे! म्हणून थोडी भर घातली.”

“कुठली रे ही पोर?” जयवंतरावांनी येसाजीला विचारलं. उत्तर सगुणेनंच दिलं,

“भालवणचीच, सरकार! आपल्याच दगडांवर मोजायला शिकले.”

जयवंतराव बोटांवर हिशोब करू लागले! भूपतराव मात्र पोट धरून हसू लागले.

“अरे, मी गाढव! सकाळपासून माझे तीस वाढवत बसलो, आणि त्याचे चाळीस कमी होतात हे डोक्यातच आलं नाही! येसाजी, घर आजपासून तुझ्या नावावर. आणि या पोरीला नऊ वारांची पैठणी!”

“वा! लेक भालवणची आणि मान एकट्या तुरेगडनं ठेवायचा?” जयवंतरावही हसत गरजले. “माझ्याकडून आठ मीटरची!”

कुठली लांब, हे सगुणेनं मनातल्या मनात मोजलं आणि मुकाट्यानं दोन्ही घेतल्या.