सगळ्यांनाच पहिला मान

आटपाट दवाखाना होता. तिथल्या यंत्रांपैकी इंटरनेटवर आधी कुणाला सोडायचं, ते भिंतीवरचा वायफायचा डबा ठरवी. पण त्याला कुणालाच नाही म्हणता येत नसे. टीव्ही रुसला, पहिला मान टीव्हीला. कॅमेरा फुगला, पहिला मान कॅमेऱ्यालाही.

एकदा साप चावलेली, बेशुद्ध पोर आली. कलावती सिस्टरांनी मोबाइलवरून शहरातल्या डॉक्टरांना विचारलं, "इंजेक्शन किती देऊ?" उत्तर डब्यापाशीच अडकलं. तिथे सगळेच पहिले!

"कुणाला मागे सारू? रुसतील ना!" डबा थरथरला.

"रुसलेल्याची समजूत काढता येते रे," मोबाइल ओरडला. "पोर गेली तर?"

डब्याने टीव्ही, कॅमेरा दोघांनाही मागे ढकललं. डॉक्टरांचा आवाज स्पष्ट आला, सिस्टरांनी इंजेक्शन दिलं.

टीव्ही रुसूनच बसला. पोर शुद्धीवर आली आणि पहिलं काय म्हणाली, तर "सिस्टर, टीव्ही लावा ना!"