खिडकीतून आलेलं आडनाव

रोमानियाच्या ईशान्येला, अक्रोडांच्या एका खोऱ्यात लहानसं गाव आहे. तिथल्या प्रत्येक घराला दाराशेजारी एक बुटकी, बिनगजांची खिडकी असते, आणि गावभर आडनाव एकच: अकात्रिनेई. म्हणजे कात्रिनाची माणसं. आसपासच्या गावांत पोपेस्कू भेटतात, ते पाद्र्याच्या वंशातले. उंगुरियानू हंगेरीकडून आलेले. डोंगरापलीकडचा कोवाच तर लोहारच. बहुतेक नावं बापाची, नाहीतर बापाच्या धंद्याची नाहीतर मुलखाची. वाढवलं कुणी, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही. या गावाला वाटली. कशी, ते गावातली सफ्ता आजी पाहुण्यांना खिडकीशी बसवून सांगते.

फार पूर्वी इथे महामारी आली. मरण दारात बसतं, अशी या मुलखाची समजूत. म्हणून आजारी लेकरू खिडकीतून दुसऱ्या बाईच्या हाती द्यायचं. ते तिचं झालं, की मरणाला त्याची ओळख पटत नाही. कात्रिना धनगराची विधवा. स्वतःचं लेकरू तिने नुकतंच मातीआड केलं होतं. रिकामे हात घेऊन ती खिडक्यांखाली उभी राहिली, म्हणे, आणि आतून लेकरं येत गेली.

शेवटची खिडकी गिरणीवाल्याची. पोरगी बाहेर देताना त्याची बायको म्हणाली, "कात्रिना, हिच्या बापाचं नाव बुडू देऊ नकोस." कात्रिनाने शब्द दिला. मोरारू, म्हणजे गिरणीवाला, हे नाव ती त्या पोरीला, इलिन्काला, घास भरवताना रोज ऐकवायची.

लेकरं जरा हाताशी आली तोच जमीनदाराचा कारभारी गाडी घेऊन हजर. बिनबापाची पोरं हवेलीवर चाकरीला न्यायची, असा हुकूम होता.

"यांचे बाप कुठायत?"

"मातीखाली. जा, विचारून या."

"मग ही कुणाची?"

"माझी. खिडकीतून घेतलीत."

"ते पोरांच्या तोंडून ऐकू दे. एकाने जरी दुसरं नाव घेतलं, तर सगळी नेईन."

पोरं एकामागून एक बोलली: कात्रिनाचा, कात्रिनाची. इलिन्काची पाळी आली, तेव्हा तिने वळून कात्रिनाकडे पाहिलं. ते दुसरं नाव कात्रिनानेच तर रोज शिकवलं होतं. शब्द पाळावा तर पोरं जातात, पोरं राखावी तर शब्द जातो. ती गुडघ्यांवर बसली, पोरीच्या डोक्यावरचा रुमाल सारखा करत हळूच म्हणाली, "माझं नाव घे, बाळा."

"आणि बाबांचं?"

"ते मी सांभाळते. हवं तेव्हा माग."

इलिन्काने मान वर केली. "कात्रिनाची."

गाडी रिकामी परत गेली. धुरळा बसायच्या आत पोरीने आपलं नाव मागितलं, असं सांगतात. कात्रिना तिला गिरणीवाल्याच्या ओस घरात घेऊन गेली. तिला आत उभं केलं, स्वतः बाहेर खिडकीशी आली.

"कुणाची ग तू?"

"मोरारूची."

"ये. आता माझीही." आणि तिने तिला उचलून बाहेर घेतलं. मग एकेका लेकराला त्याच्या त्याच्या खिडकीशी नेलं. याच लेकरांनी पुढे गाव पुन्हा वसवलं, म्हणून आडनाव कात्रिनाचं.

आजही बाप्तिस्म्याला निघालेलं बाळ या गावात दारातून जात नाही. बाहेर उभी असलेली बाई विचारते, "कुणाचं?" आतून त्या घराचं जुनं नाव येतं, कुठे गिरणीवाल्याचं, कुठे लोहाराचं, कुठे डोंगरापलीकडून आलेल्याचं. ते एरवी कुणी उच्चारत नाही. मग बाहेरचे हात पुढे होतात: "दे. आता कात्रिनाचंही."

पाहुणे सफ्ता आजीला तिचं जुनं नाव हमखास विचारतात. ती खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवते आणि म्हणते, "इथे लेकरू असेल तेव्हा या."