परत आलेला वॉकर

ही गोष्ट फार जुनी नाही, पण कालचीही नाही. धड खेडं नाही, धड शहर नाही अशा एका गावात एक सेवा मंडळ होतं. सभासद सतरा आणि त्यातले पदाधिकारी चौदा, म्हणजे मंडळ तसं भारदस्तच म्हणायचं.

तरी मंडळाचं एक काम खरोखर चांगलं होतं. कुणी आजारी पडलं, की मंडळ त्याला वॉकर, कुबड्या, चाकांची खुर्ची वापरायला देई. गरज संपली की वस्तू परत करायची. वस्तू घेऊन येणाऱ्याला अध्यक्षांनी गुलाबाचं फूल द्यायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी रीत होती. वस्तू परत आली म्हणजे माणूस बरा झाला, असं मंडळ धरूनच चाललं होतं. ही रीत पाडणारे बहुधा फार तरुण असावेत.

त्या वर्षी अध्यक्षपदाची पाळी भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांवर आली. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. दुकानात दिवस निघून जाई, पण घरी आलं की रेडिओशिवाय बोलणारं कुणी नसे. अध्यक्ष झालो की चार माणसं घरी येतील, फोन वाजेल, अशी त्यांना आशा होती. त्यात वाईट काही नव्हतं. एकट्या माणसाला असंच वाटतं.

पदग्रहणाचा समारंभ शाळेच्या सभागृहात झाला. शेजारच्या गावचे पाहुणे आले. शाल झाली, श्रीफळ झालं, मावळत्या अध्यक्षांनी नव्यांच्या कोटाला बिल्ला लावला. तेवढ्यात सचिवांनी माईक ओढून घेतला.

"नव्या अध्यक्षांचा पायगुण बघा! आजच एक वॉकर परत आलाय. या, या, वर या!"

दाराशी एक वयस्कर बाई वॉकर घेऊन उभ्या होत्या. तो ठेवून त्यांना लगेच निघायचं होतं. पण दोन सभासदांनी त्यांना आग्रहानं व्यासपीठावर आणलं. अध्यक्षांनी फूल पुढे केलं आणि हसत विचारलं, "काय वहिनी, भाऊसाहेब हिंडायला लागले ना?"

बाई हळूच म्हणाल्या, "ते गेले हो. काल तेरावं झालं."

हे फक्त अध्यक्षांना ऐकू आलं, कारण खाली टाळ्या सुरूही झाल्या होत्या. त्यांनी हात वर केला असता तर टाळ्या थांबल्या असत्या. पण समोर पाहुणे बसले होते, फोटोवाला "इकडे बघा साहेब" म्हणत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच इतकी माणसं त्यांच्यासाठी जमली होती. अध्यक्षांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. फोटो निघाला. बाई फूल हातात धरून पायऱ्या उतरल्या आणि कुणाशी न बोलता निघून गेल्या.

संध्याकाळी अध्यक्ष घरी आले, तेव्हा घर नेहमीसारखंच गप्प होतं. त्यांना बायकोच्या तेराव्यानंतरचा दिवस आठवला. पाहुणे पांगले होते आणि घरात बसवेना म्हणून ते बंद दुकानात जाऊन उगाच बसून राहिले होते. त्या दिवशी कुणी आपल्यासमोर टाळ्या वाजवल्या असत्या तर? त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात त्यांचा सत्कार होता. तिकडे नकार कळवून ते बाईंचा पत्ता शोधत गेले.

बाईंनी दार उघडलं. "वॉकर दिलाय ना मी परत?"

"दिलात. मी त्यासाठी नाही आलो, वहिनी. काल तुम्ही बोललात, ते मला ऐकू आलं होतं."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तुमचा चेहरा बघितला ना मी."

"चुकलो मी. टाळ्या थांबवायला हव्या होत्या."

"हव्या होत्याच. पण भाऊ, सहा महिने वॉकर आमच्याकडे होता. कसे आहेत ते, म्हणून विचारायला तुमच्यातलं कुणी एकदाही आलं नाही. ते जास्त लागलं."

अध्यक्ष मान खाली घालून वळले.

"आलाच आहात तर बसा," मागून बाई म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी काय झालं, ते अजून कुणी मला पुरतं बोलूच दिलेलं नाही. रडू नका म्हणतात आणि उठतात."

अध्यक्ष बसले. बाई दुपारपर्यंत बोलत होत्या, आणि त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.

तात्पर्य एवढंच, की वस्तू देऊन मदत संपत नाही. जिथे ती दिली, त्या घरी जाऊन माणसाची विचारपूस करावी, आणि तो बोलू लागला की उठू नये.