आक्काचा विस्तव

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, काडेपेटी जन्माला यायच्याही आधीची. डोंगराच्या कुशीत बेचाळीस उंबऱ्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात आक्का नावाची एक बाई राहत होती.

आक्काला थकवा ठाऊक नव्हता. कुणाची बाळंतीण अडली की आक्का. कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की आक्का. दोन भाऊ बांधावरून भांडले तर मध्ये उभी राहणारीही आक्काच. काही शहाणे म्हणत, "हिला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस आहे." पण तेच शहाणे पोटात दुखायला लागलं की पहिल्यांदा तिच्याच दाराशी येत. जगाची रीतच आहे ती, आपण कशाला नावं ठेवायची?

आणि घराकडे तिचं दुर्लक्ष होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. मुलगा बैलगाडी घेऊन घाटाखाली व्यापाराला जाई, तो महिनोन्‌महिने परतत नसे. मागे घरात आक्का आणि तिची सून. सुनेला तिनं लेकीसारखं वागवलं. तिला आधी जेवायला वाढायची आणि मग स्वतः ताटावर बसायची.

आक्काच्या घरची चूल कधीच विझत नसे. चकमकीनं ठिणगी पाडायची म्हणजे मोठा व्याप, म्हणून रोज सकाळी गावातल्या बायका हातात खापराचा तुकडा घेऊन तिच्याकडे विस्तव मागायला येत. आधी आक्का आणि पुढे सून चिमट्यानं निखारा ठेवी आणि बाई झपाझप घरी जाई. असं तीस वर्षं चाललं. देवळातल्या नंदादीपाची वात विझली, तर पुजारीसुद्धा देवाकडे न बघता आधी आक्काच्या घराकडे बघत असे.

एका श्रावणात झड लागली. नऊ दिवस आभाळ उघडलं नाही. लाकडं भिजली, गोवऱ्या भिजल्या, चकमकीचा कापूस ओला झाला. त्यात सुनेच्या माहेरून निरोप आला, "आईनं अंथरूण धरलंय. एकदा येऊन भेटून जा."

सुनेनं आक्काकडे पाहिलं. आक्काच्या मनात लगेच आलं की हिला आत्ताच पाठवावं. पण दारात विस्तवासाठी बायका उभ्या होत्या. त्यातली पाटलीणबाई म्हणाली, "अगं, ही गेली तर चूल कोण राखणार? तुझा तर पाय घरात टिकत नाही. झड सरू दे, मग जाऊ दे की."

आक्काला गावाला नाही म्हणणं कधी जमलंच नव्हतं. ती सुनेला म्हणाली, "दोन दिवस थांब, बाळा." सून "बरं" म्हणाली आणि फुंकणी घेऊन चुलीपाशी बसली.

त्याच दुपारी आक्काला बोलावणं आलं, पलीकडच्या आळीत बाळंतीण अडली होती. दोन दिवस आक्का तिथेच होती. शेवटी बाळ जन्मलं, पण अशक्त, गार पडलेलं. "याला शेक हवा," आक्का म्हणाली, "मी घरून विस्तव घेऊन येते."

घरी येते तो काय, दाराशी बायकांची ही गर्दी, आणि प्रत्येकीच्या हातात रिकामं खापर. आत चूल थंडगार. सून चुलीला टेकून बसल्या जागी झोपली होती. फुंकणी अजून तिच्या हातातच होती.

"सून निष्काळजी निघाली गं तुझी," पाटलीणबाई म्हणाली.

आवाजानं सून जागी झाली. धुरानं तिचे डोळे सुजले होते. ती सासूकडे बघत म्हणाली, "निष्काळजी नाही, आत्याबाई. दोन दिवस पाठ टेकली नाही मी. ओल्या लाकडानं जाळ धरेना, आणि मागणाऱ्या थांबेनात. सगळ्यांना देता देता शेवटचा निखारा कधी दिला, ते मलाच कळलं नाही."

आक्काला वाईट वाटलं. वाईट कसलं, लाज वाटली. परक्यांच्या आयांसाठी ती रात्रंदिवस धावली होती आणि आपल्याच सुनेला तिच्या आईकडे जाऊ दिलं नव्हतं. तिनं खुंटीवरचं इरलं काढून सुनेच्या डोक्यावर घातलं. "जा," ती म्हणाली, "मागे वळून बघू नकोस. विस्तवाचं मी बघते."

सून गेली. आक्कानं खापर उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती मागायला निघाली. चाळीस उंबरे झाले. "आमच्यात कुठला विस्तव? आम्ही तर तुझ्याकडूनच नेतो, आणि नेलेला ओल्या लाकडात टिकला नाही," चाळीस तोंडांनी एकच उत्तर दिलं.

राहिलं एकच घर, ओढ्यापलीकडचं, सुपं विणणाऱ्या म्हातारीचं. ती एका पायानं अधू होती. गाव तिची सुपं घेई, पण तिच्या उंबऱ्याशी कुणी जात नसे. खरं सांगायचं तर तीस वर्षांत आक्काही गेली नव्हती.

गुडघाभर पाण्यातून आक्का तिच्या दारी पोचली. "मावशी, तुमच्याकडे विस्तव आहे का?"

"असायला काय झालं? ये, बस," म्हातारी म्हणाली. तिनं चुलीतली राख बाजूला सारली. खाली निखारे लाल होते.

"एवढ्या ओलीत कसे राखलेत?"

"यात कसली आली करामत? झोपायच्या आधी दोन निखारे राखेखाली झाकायचे. माझी आई झाकायची. तुझीही झाकत असेल. मला तुझ्या घरापर्यंत चालवत नाही, म्हणून माझी सवय राहिली. ज्यांना चालवतं, त्यांची गेली." खापरात निखारे ठेवत ती म्हणाली, "रागावू नकोस बाई. तू गावाला विस्तव दिलास, पण विस्तव राखायची अक्कल तेवढी गावाकडून काढून घेतलीस."

आक्कानं भरलेलं खापर उचललं. निखारे घेऊन ती आधी बाळाकडे धावली. तासाभराच्या शेकानं बाळ रडलं, आणि ते रडणं ऐकून सगळी आळी हसली.

संध्याकाळी तोच विस्तव घेऊन आक्का घरोघर गेली. प्रत्येक चुलीपाशी बसली, निखाऱ्यांवर राख कशी ओढायची ते तिनं दाखवलं. पुढचे कित्येक महिने हेच चाललं. कुणी विस्तव मागायला आलं, की ती विचारी, "काल झाकला होतास का?" आणि मगच देई. लोक म्हणाले, "म्हातारपणी आक्का कद्रू झाली."

सून आठ दिवसांनी परतली. आईची आणि तिची भेट झाली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवूनच आईनं डोळे मिटले होते. आक्कानं तिला जवळ घेतलं आणि दोघी पोटभर रडल्या.

वर्ष सरेपर्यंत आक्काच्या दारात सकाळी कुणी येईनासं झालं. पहिल्यांदा तिला ते रिकामं दार टोचलं. आपल्यावाचून गावाचं अडत नाही, हे पचायला चांगल्या माणसालाही वेळ लागतो. मग ती रोज सकाळी ओढा ओलांडून सुपंवाल्या म्हातारीकडे जाऊ लागली. हळूहळू तिच्या मागून आणखी पावलंही तिकडे वळली.

बऱ्याच वर्षांनी आक्का गेली. सुतकात घरची चूल पेटवत नाहीत, म्हणून ती एक झड सोडली तर तीस आणि वर आणखी कितीतरी वर्षं जळणारी ती चूल सुनेनं स्वतःच्या हातानं विझवली. बाहेर येऊन पाहते, तर गावातल्या एकूण एक घरातून धूर निघत होता. कुणाचंही काही अडलं नव्हतं. थोड्या वेळात त्याच घरांतून पिठलं-भाकरी तिच्या दारी आली.

तेराव्या दिवशी सून खापर घेऊन बाहेर पडली. ती एकाच घरून निखारा आणणार होती. पण प्रत्येक दारात एक बाई चिमटा घेऊन उभी होती. पाटलीणबाई आता काठी टेकत होती, पण पहिला निखारा तिनं टाकला. म्हातारी आता नव्हती, पण ओढ्यापलीकडे तिची नात वाट बघत होती, तिनं शेवटचा टाकला. एकेचाळीस घरांच्या निखाऱ्यांवर आक्काची चूल पुन्हा पेटली.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं लक्षात ठेवा: जी सेवा लोकांना आपल्या पायावर उभं करते आणि स्वतःच्या घरालाही विसरत नाही, तीच खरी सेवा.