मशीन दुरुस्तीला दिली आहे

दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. मांडवखेडचा चौक. एका अंगाला ग्रामपंचायतीचा ओटा, समोर देशी दारूचं परवानाधारक दुकान. मध्ये एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता.

"आता तरी उठता का नाही, बाई?"

विचारणारी रंजिता बोबडे. ती नुकतीच ऑटोतून उतरली होती. ऑटोत मागे दोरीनं बांधलेली पायाची शिलाई मशीन.

ओट्यावर बायका लोकर विणत बसल्या होत्या. मधोमध अनसूयाबाई तेलगोटे. शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झालेल्या, आता गावात बायकांचा शिवणवर्ग चालवतात. एक खोली, एक मशीन. रंजिता त्यांची सगळ्यात तरबेज शिष्या. ही गोष्ट गावाला माहीत आहे, आणि रंजिताला गावापेक्षा जास्त.

बाईंनी मान वर केली नाही.

"टाके मोजतेय. थांब."

रंजिता थांबली. थांबण्याची तिला सवय नाही.

मशीन फाल्गुनात अडली. शाफ्ट जाम. तालुक्याला दुरुस्तीला गेली. वर्ग बंद करायचा का, असं बायकांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, हाताला काय झालंय? त्यांनी घरातली जुनी लोकर आणली, सुया वाटल्या. खोलीत एवढ्या जणी मावेनात म्हणून सरपंचांकडे ओटा मागितला.

सरपंचांनी लगेच दिला. "मशीन दुरुस्त होईपर्यंत बसा," म्हणाले. चार दिवसांचा प्रश्न, त्यांना वाटलं. ओट्याचं तोंड कुठं आहे, याचा विचार त्यांनी केला नाही.

बाईंनी केला होता.

मांडवखेडमध्ये अजून एक रीत आहे. सासरा किंवा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, समोर आला की सून डोक्यावर पदर घेते. या रीतीवर शहरातल्या माणसांनी पुष्कळ नाकं मुरडली आहेत, मुरडावीत. पण रीतीची दुसरी बाजू कुणी बघत नाही. सून जिथे बसली असेल तिथून सासऱ्यालाही ताठ मानेनं जाता येत नाही. आणि दारूच्या दुकानात तर नाहीच नाही.

ओट्यावर निम्म्या गावाच्या सुना बसल्या होत्या.

पहिल्या दिवशी माणसं कोपऱ्यापर्यंत आली, ओट्याकडे बघितलं, आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत गेली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंतही आली नाहीत.

घोषणा नाहीत. फलक नाहीत. रस्ता मोकळा. दुकानदारानं ठाण्यात तक्रार केली. जमादार येऊन उभा राहिला.

"काय चाललंय?"

"क्लास," बाई म्हणाल्या.

जमादारानं लोकरीचे गुंडे बघितले. लोकर जप्त करायचं कलम त्याला आठवलं नाही. तो गेला.

आता याच गावातल्या बायकांनी दुकान बंद करण्यासाठी मतदान मागितलेलं आहे. उभी बाटली की आडवी बाटली, हे बायकांनी ठरवायचं, असा नियम आहे. अर्ज गेला, सह्या गेल्या. सह्या खऱ्या आहेत का, हे बघायला अधिकाऱ्यानं गावात यायचं असतं. तो आल्याशिवाय मतदान नाही. तारखा मिळाल्या. अधिकारी मिळाले नाहीत. दुकान रोज वेळेवर उघडतं.

बाईंची ओळ संपली. त्यांनी सुई बदलली.

"बोल."

"मशीन आणली जी. एकदम टकाटक. नवा पट्टा, नवं शटल. मिस्त्रीनं आधी म्हटलं होतं, महिना लागेल. मी दोनदा गेली त चार दिवसांत करून देल्ली."

"पैसे?"

"घेतले नाही." रंजिताची मान जरा ताठ झाली. "म्हणे, तुमच्यासारख्या कारागिराकडून काय घ्यायचे."

ओट्यावरची एकजण हसली. "आमच्याकडून त चहाचेबी घेते तो."

"तुमचं काम पायलं असतं त तुमाले पैसे घेऊनबी चहा पाजला नसता," रंजिता म्हणाली. मग बाईंकडे वळली. "लग्नसराई हाय, बाई. माझे ब्लाऊज दुसऱ्याकडे चालले. आता चला खोलीत. इथं उन्हात सुया हालवत काहून बसायचं? लोकर विणणं मंजे म्हाताऱ्यायचं काम."

"तू ब्लाऊज इथं आण. हातानं शिव."

"हातानं? मी?"

"का? तुला हात नाहीत?"

"बाई, एका ब्लाऊजले मशीनवर मले दुपारसुदा लागत नाही. हातानं दोन दिवस जातीन."

"जाऊ देत."

"अन् लोकं काय म्हणतीन? रंजिता आता सुईवर आली?"

बाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

...

समोरून सुधाकर जिरापुरे आला. दुकान त्याचं. पांढरा शर्ट, हातात मोबाईल. रस्ता ओलांडून येताना तो हसत होता. गेल्या काही दिवसांत त्याला हसताना कुणी बघितलं नव्हतं. बाईंनी त्याला चौथीत कागदाच्या होड्या शिकवल्या होत्या, म्हणून तो बाईंना वाकून नमस्कार करतो. आजही केला.

"आली न मशीन, बाई?"

"आली."

"मंग झालं त. घ्या आता आवरून. एवढ्या उन्हात स्वेटर कोणासाठी विणता जी?"

"दारू सुटली की माणसाला हुडहुडी भरते, सुधाकर. तेव्हा लागतील."

ओटा हसला. सुधाकरही हसला, जरा उशिरा.

"तुमचं आपलं कायतरीच. बरं, मशीनचं काम बराबर झालं न? मी मिस्त्रीले बजावलं होतं, मालाले कमी पडू देऊ नोको. पैशाचं मी पाहतो."

ओट्यावरच्या सुया थांबल्या.

रंजितानं त्याच्याकडे बघितलं. मग मशीनकडे. मग कुठंच नाही.

"तुम्ही... फोन केला होता?"

"मंग? समाजाचं काम हाय. आपल्या गावची शिलाई बंद पडावी का?" तो बाईंकडे वळला. "सरपंचबी म्हणत होते, मशीन आली मंजे ओटा रिकामा. शब्द हाय तुमचा."

"शब्द आहे," बाई म्हणाल्या.

"पाह्यलं?" सुधाकर बायकांना म्हणाला. "बाई शब्दाच्या पक्क्या."

रंजिता मशीनची दोरी सोडत होती. गाठ सुटत नव्हती. तिच्याच हातची गाठ होती.

"रंजिता," बाई म्हणाल्या. "देवानंद काल संध्याकाळी कुठं होता?"

देवानंद तिचा भासरा.

"घरी."

"परवा?"

"घरीच होता."

"काय करत होता?"

"काय करीन जी... जेवत होता."

"ताट?"

"ताट काय?"

"फेकलं?"

रंजिताचे हात दोरीवरच राहिले.

"नाही," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "नाही फेकलं. सासूले म्हणाला, भाजी चांगली झाली."

सुधाकरनं मोबाईलमध्ये काहीतरी बघितलं. तिथे काही नसावं.

बातमीला गावात पाय लागत नाहीत. मशीन आली, ओटा उठणार, हे ऑटो चौकात थांबण्याआधीच पसरलं होतं. कोपऱ्यावर माणसं जमायला लागली होती. एक, दोन, मग पाचसहा. कुणी बिडी पेटवली, कुणी चपलेतला खडा काढत राहिलं. ओट्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे ओटा उठायची वाट बघत होते.

देवानंद मागे उभा होता. अंगात धुतलेला सदरा.

रंजितानं त्याला बघितलं.

"मशीन खाली घ्या," बाई म्हणाल्या.

दोघीतिघींनी मशीन उतरवली, ओट्याला लावून ठेवली. नवा चामडी पट्टा मोठ्या चाकावरून वर गेलेला, पिवळा, तेलानं चकाकणारा. सुधाकर खुशीत आला. "चालवून दाखव न, रंजिता. पाहू दे बाईले."

रंजिता मशीनसमोर गेली नाही.

बाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, हळू. त्यांनी पिशवीतून कात्री काढली. कापड कापायची, लांब पात्याची. मशीनजवळ गेल्या. खाली वाकल्या.

पट्टा कापायला जोर लागतो. त्यांनी दोन्ही हात लावले.

कट्.

पट्टा सुटून पायदानावर पडला.

"बाई!" सुधाकर ओरडला. "हे काय केलं जी? चांगली चालू होती!"

"बिघडली," बाई म्हणाल्या. "रंजिता, ऑटोवाल्याला थांबव. दुरुस्तीला द्यायचीय."

"अन् शब्द?"

"मशीन दुरुस्त होईपर्यंत ओटा आमचा. शब्द आहे."

सुधाकरचा चेहरा आता शाळेतला राहिला नव्हता. "ही मशीन सरकारी योजनेतली हाय. सरकारी मालाची नासधूस हाय हे. मी रिपोर्ट करतो."

"कर. पंचनाम्याला कुणातरी साहेबाला गावात यावं लागेल. आम्हालाही एक साहेब हवाच आहे."

...

ऑटोवाला रंजिताकडे बघत होता. मशीन परत चढवायची का?

रंजिता रस्त्यात उभी होती, ओटा आणि कोपरा यांच्या बरोबर मध्ये. लग्नसराईचे सगळे ब्लाऊज तिच्या डोळ्यांसमोर असतील. दुसऱ्या शिंप्याच्या दारातली गर्दीही असेल. कोपऱ्यावर देवानंदनं एक पाऊल पुढे टाकलं.

तिनं पदर घेतला. डोक्यावरून, कपाळापर्यंत.

मग ओट्यावर चढली, अगदी पुढे, दुकानाच्या बरोबर समोर बसली, आणि शेजारणीच्या हातातून सुया घेतल्या.

"उलट का सुलट?" तिनं विचारलं.

"सुलट," शेजारीण म्हणाली. "अन् घट्ट नोको ओढू. हे काही मशीन नाही."

देवानंदचं पाऊल तिथेच राहिलं. त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला, काढला. मग वळला. त्याच्यामागे बिडीवाला वळला. चपलेतला खडा एकदाचा निघाला, तोही माणूस गेला. कोपरा रिकामा झाला.

ऑटोत मशीन चढली. रंजितानं चढवू दिली. ती टाके चुकत होती, आणि चुकलेले कुणाला दिसू नयेत म्हणून भराभर विणत होती.

"सावकाश," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

"पट्टाच त हाय," सुधाकर म्हणाला. "उद्या सकाळी दुसरा आणून देतो. परवा तिसरा देतो."

"आण."

"किती कापसान, बाई?"

"कात्रीला धार लावून घेईन."

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. ऊन त्याच्याही डोक्यावर होतं. शेवटी त्यानं विचारलं, आणि या वेळी आवाजात खरंच प्रश्न होता.

"मंग ही मशीन दुरुस्त होणार तरी कधी जी?"

बाई जागेवर बसल्या. सुटलेला टाका उचलून सुईवर घेतला.

"साहेब सह्या तपासायला येतील, त्या दिवशी."

वैशाख लागला आहे. साहेब आलेले नाहीत. का आले नाहीत, हे कार्यालयात कुणी सांगत नाही.